मागच्या चाकाचं पुढच्याला कळत नाही

गाडीचं चाक बसलं की स्टिअरिंग ओढायला लागतं, सीटखाली धडधड येते, आपोआप कळतं. गाडीमागे जोडलेल्या ट्रेलरचं चाक बसलं तर पुढे गाडीत बसलेल्याला पत्ताच लागत नाही. मला तो लागला एका मोटारसायकलवाल्या पोरामुळे. डिसेंबर २०२२, सकाळचे सव्वासात. खारघर मागे पडलं होतं, कामोठ्याचा टोलनाका यायचा होता. पोरगा हॉर्न देत शेजारी आला, हेल्मेटची काच वर केली आणि मागे हात करून ओरडला, "काका, चाक गेलंय तुमचं! धूर येतोय!"

डावीकडच्या आरशात बघितलं तर ट्रेलरच्या चाकाशी रबराच्या चिंध्या फडफडत होत्या. हवा कधी गेली, बेलापूरला की त्याच्याही आधी, हे आजही सांगता येणार नाही. बोलेरो आपली खेचत होती, रेडिओ चालू होता आणि आमची ही थर्मासमधला चहा ओतायच्या तयारीत होती.

मी ऐरोलीत राहतो. रबाळ्याच्या एमआयडीसीत ३१ वर्षं मेंटेनन्स फिटर होतो, त्यामुळे नट-बोल्ट, बेअरिंग आणि ग्रीस यातच हयात गेली. निवृत्त झाल्यावर एक जुना कॅरव्हान ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घेतला. एक अॅक्सल, म्हणजे चाकं जोडणारा आडवा दांडा, दोन चाकं, आत दोन बर्थ, छोटा ओटा आणि १०० लिटरची पाण्याची टाकी. सोसायटीने आवारात उभा करू दिला नाही म्हणून ओळखीच्या शेडमध्ये भाडं देऊन ठेवतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून "काका, आम्हीही घ्यावा म्हणतोय" असं म्हणणारे भेटू लागलेत. त्यांना मी गादीचं आणि पंख्याचं कौतुक सांगत बसत नाही, चाकाचं सांगतो. तुमचा फूड ट्रेलर असेल, जनरेटरचा असेल, होडीचा असेल, तरी चाकाचं गणित हेच.

आधी थांबायचं कसं

कळलं की पाय ब्रेकवर जातो. तिथेच गडबड होते. एका बाजूचं चाक बसलेला ट्रेलर त्या बाजूला ओढ खात असतो. अशात गाडीला जोरात ब्रेक मारला की मागचं टनभर वजन गाडीला ढकलतं, ट्रेलर एका अंगाला सरकतो आणि गाडी-ट्रेलर मिळून अडकित्त्यासारखे मिटतात. माझ्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत, पण ते धक्क्यावर चालणारे. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो, कपलिंगचा, म्हणजे गाडी-ट्रेलरच्या जोडाचा, दांडा आत दाबला जातो आणि त्या दाबावर मागचे ब्रेक लागतात. म्हणजे मी पुढे ब्रेक दाबल्याशिवाय मागे काही होत नाही, आणि मागे होतं तेव्हा दोनपैकी एका चाकाला पकडच नसते.

म्हणून स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा आणि अॅक्सिलरेटर एकदम न सोडता हळूहळू सोडा. वेग आपसूक उतरू द्या. ३० च्या खाली आला की मग हलके ब्रेक. ट्रेलर झोके घेत असेल तर स्टिअरिंग फिरवून त्याला सरळ करायला जाऊ नका, झोका वाढतो. मी ट्रेलर लावल्यावर ६० च्या वर जातच नाही. मागून कंटेनरवाले हॉर्न मारतात, मारू देत.

दुसरी गोष्ट, लगेच थांबायची घाई नको. टायर तसाही गेलेला असतो. अजून तीन-चारशे मीटर रखडत नेला तर फार तर रिम जाईल, आणि रिम नवी मिळते. उड्डाणपुलावर, वळणावर, कर्नाळ्याच्या खिंडीत थांबायचं नाही म्हणजे नाही. डावं चाक बसलं असेल तर निदान आपण रस्त्याच्या कडेला काम करतो. उजवं बसलं तर पाठ थेट वाहतुकीकडे येते, अशा वेळी मी तरी पेट्रोल पंप किंवा सर्व्हिस रोड येईपर्यंत रांगत जाईन. आणि तशी जागा दिसतच नसेल तर चाक बदलायचा हट्ट सोडा, गाडीतून उतरून सगळे कठड्यापलीकडे उभे राहा आणि फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कुठेही ११२.

त्या दिवशी मी जिथे थांबलो तिथे डावीकडे मातीची रुंद पट्टी होती. इंडिकेटर चारही चालू केले. लाल त्रिकोण मोजून ५० पावलं मागे ठेवला आणि परत येईपर्यंत एका ट्रकच्या वाऱ्याने तो आडवा झाला. आता त्रिकोणाच्या पायावर ठेवायला दगड शोधतो, आणि हायवे असला तर ५० ऐवजी १०० पावलं चालतो. हिला कठड्यापलीकडे उभं केलं. ट्रेलरमध्ये जाऊन बसते म्हणत होती. जॅक लावलेला असताना आत माणूस नको, एवढ्या एका बाबतीत कुणाचंही ऐकू नका.

पोळपाट

आता माझी फजिती. मी फिटर माणूस, तेव्हा हत्यारं चोख असतील असं कुणालाही वाटेल. बोलेरोचा जॅक होता, बोलेरोचा पाना होता, ट्रेलरखाली स्टेपनी लटकवलेली होती. निघण्यापूर्वी यातली एकही वस्तू ट्रेलरला लावून बघितली नव्हती.

चाक बसलेलं असल्यामुळे ट्रेलर त्या बाजूला खाली आलेला. जॅक कसाबसा आत गेला. दोन-चार वेळा दांडा हलवला तर ट्रेलर वर येण्याऐवजी जॅकच मातीत रुतायला लागला. खाली टाकायला फळी हवी होती. आसपास एक विटेचा तुकडा दिसेना. शेवटी ट्रेलरमध्ये शिरलो आणि ओट्याखालचा शिसवी पोळपाट काढला. हिच्या आईचा. त्यावर जॅक ठेवला. ट्रेलर वर आला, आणि पोळपाट मधोमध, रेषेत, टक्क आवाज करून चिरला. ती कठड्यापलीकडून बघत होती. काही बोलली नाही, तेच वाईट.

तेव्हापासून ट्रेलरमध्ये कायम असतात त्या वस्तू सांगतो. फूटभर लांब-रुंद, दोन इंच जाड सागाचे दोन तुकडे. तीन टनी हायड्रॉलिक बाटली जॅक. ट्रेलरच्या नटाला बसणारा पाना आणि त्यात घालायला अडीच फुटी लोखंडी पाईप. माझ्या गाडीचा पाना १९ चा आणि ट्रेलरचे नट २१ चे निघाले. हे घरी बघायला पाच मिनिटं लागली असती, रस्त्यावर पाऊण तास गेला. एका टेम्पोवाल्याने थांबून त्याचा पाना दिला म्हणून सुटलो. शिवाय बारा व्होल्टचा हवेचा पंप, हवा मोजायचा गेज, हातमोजे, टॉर्च. आणि गाडीची स्टेपनी ट्रेलरला चालेल या भ्रमात राहू नका. बोल्टांची संख्या सारखी असली तरी त्यांच्यातलं अंतर वेगळं असू शकतं.

चाक बदलताना

ट्रेलर गाडीपासून सोडायचा नाही. जोडलेलाच राहू द्या, गाडी हेच त्याचं अँकर. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, आणि ट्रेलरच्या दुसऱ्या बाजूच्या, म्हणजे शाबूत चाकाला पुढून-मागून दगड लावा. गॅसचा सिलिंडर असेल तर त्याचा कॉक बंद करा. फुटलेल्या टायरची पट्टी चाबकासारखी फिरते आणि खालून गेलेला पाईप तोडू शकते. माझ्या बाबतीत पाईप वाचला, पण मागच्या दिव्याची वायर तुटली होती आणि चाकावरच्या पत्र्याला भोक पडलं होतं.

नट आधी जमिनीवरच ढिले करा. अर्धा फेरा पुरतो, काढायचे नाहीत. चाक हवेत गेल्यावर जोर लावला की चाक फिरतं आणि ट्रेलर जॅकवर डुलतो.

जॅक कुठे लावायचा यावर मी वाद घालायला तयार आहे. अॅक्सलच्या मधोमध कधीच नाही. तो पोकळ नळीचा असतो आणि वाकतो. वाकला की पुढचे सगळे टायर एका कडेने झिजतात आणि कारण सापडत नाही. ट्रेलरच्या चार कोपऱ्यांत खाली सोडायचे जे पाय असतात ते उभ्या ट्रेलरला डुलू न देण्यासाठी, उचलण्यासाठी नाहीत. मी जॅक लावतो चासीच्या, म्हणजे ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याच्या, मुख्य बीमखाली, अॅक्सलच्या जवळ. इथे एक गंमत आहे. चासी वर जाते तसे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, सैल होऊन चाक खाली लोंबत राहतं, त्यामुळे वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त उचलावं लागतं. शिवाय हवा गेलेलं चाक निघालं म्हणजे झालं असं नाही, हवा भरलेली स्टेपनी आत जायला आणखी दोन इंच हवेत. बाटली जॅकला तेवढी उंची पुरत नाही, म्हणून फळ्या दोन.

काम चालू असताना स्टेपनी बाजूला उभी न ठेवता चासीखाली आडवी सरकवून ठेवायची. जॅक निसटलाच तर ट्रेलर तिच्यावर बसेल, तुमच्या हातावर नाही. जुनं चाक निघालं की ते खाली सरकवा आणि स्टेपनी ओढून घ्या. कारखान्यात आम्ही नुसत्या जॅकवर उचललेल्या मशीनखाली बोट घालत नसू, रस्त्यावर ती शिस्त का सोडायची?

स्टेपनी चढवताना नटाची निमुळती बाजू रिमकडे. सगळे नट आधी हाताने फिरवून बसवा, मग समोरासमोरचे आवळत जा, ओळीने नाही. ओळीने आवळलं तर रिम तिरपी बसते. चाक जमिनीला टेकलं की शेवटचा आवळा. नट हलका फिरावा म्हणून आट्यांना तेल-ग्रीस लावायची आपल्याकडे खोड आहे. त्याने नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो आणि स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो बोल्ट, ताणला जातो. गंज असेल तर वायर ब्रशने घासा.

माझी स्टेपनी चढवून झाल्यावर दिसलं की तिच्यात १४ पौंड हवा आहे. ट्रेलरखाली लटकलेली, दोन पावसाळे कुणी बघितलेली नाही. पंपवाला येईपर्यंत ही रेडिओ ऐकत बसली. त्या वेळी माझ्याकडे स्वतःचा पंप नव्हता, हे वर लिहायचं राहिलं.

जोड-अॅक्सलचा, म्हणजे चार चाकी ट्रेलर असेल तर जॅकशिवायही भागतं. बसलेल्या चाकाच्या शेजारच्या चाकाखाली उतरती फळी ठेवून गाडी पुढे घेऊन ते चाक त्यावर चढवा, बसलेलं चाक अधांतरी होतं. मात्र एक चाक बसल्यावर त्याचा सगळा भार शेजारच्याने किती किलोमीटर वाहिला हे आपल्याला माहीत नसतं, तेव्हा तोही टायर आतून-बाहेरून तपासून घ्यायचा.

काटा

चाक बदलून मी हळूहळू कळंबोलीला गेलो. लोखंड बाजाराच्या आसपास टायरवाले आहेत आणि वजनकाटेही आहेत. टायरवाल्याने फाटका टायर हातात फिरवला आणि म्हणाला, "काका, हा खिळ्याने नाही गेला." खिळा असता तर भोक असतं. याची बाजू, म्हणजे रिमच्या वरची भिंत, गोल रेषेत करपून सुटली होती. हवा कमी किंवा भार जास्त असला की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते, दुमडून तापते आणि तापून आतले थर सुटतात. नक्षी नवीकोरी होती. पण बाजूवर लंबगोलात चार आकडे होते, ०८१३. म्हणजे २०१३ सालच्या आठव्या आठवड्यात बनलेला. ट्रेलर वर्षाचे दहा महिने उभा असतो, त्याचा टायर झिजून मरत नाही, उन्हात वाळून मरतो. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही दिसो, बदला.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवून फक्त त्याची दोन चाकं काट्यावर घेतली. ९८५ किलो. मग उजवं चाक काट्याबाहेर राहील असा उभा करून एकट्या डाव्याचं वजन घेतलं. ५४० किलो. म्हणजे उजव्यावर ४४५. टायरच्या बाजूवर मापानंतर एक आकडा असतो, तो भाराचा. माझ्या टायरवर ८२ होता, आणि ८२ म्हणजे ४७५ किलो. आधीच्या मालकाने कारचे टायर घातले होते. पाण्याची टाकी डावीकडे, ओटा डावीकडे, सिलिंडर डावीकडे, वर हिने भरलेला तांदूळ-डाळींचा डबाही डावीकडे. डावा टायर निघाल्या क्षणापासून ६५ किलो जास्त वाहत होता.

तुम्ही नवीन ट्रेलर घेतलात तर पहिली सहल काट्यापर्यंत करा. पाणी, गॅस, सामान सगळं भरून. दोन्ही बाजूंचं वेगळं वजन घ्या आणि टायरवरचा आकडा बघा. ८८ म्हणजे ५६०, ९५ म्हणजे ६९०, १०२ म्हणजे ८५० किलो. मी आता लहान मालवाहू गाडीचे १०२ वाले टायर घातलेत. रिमही तेवढ्या हवेची आहे ना हे विचारून. आणि पाणी भरून नेत नाही. पेणला भरतो नाहीतर मुक्कामी.

हवेचं असं की भाराचा हा आकडा पूर्ण हवेवरचा असतो. हवा कमी भरली की तो भार टायर पेलतच नाही. माझ्या टायरला ६५ पौंडांपर्यंत चालते, मी ५५ ठेवतो. पंपावरचा मुलगा दर वेळी म्हणतो, "काका, एवढी? फुटेल." त्याला कारचे ३२ पाठ आहेत. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी, थंड टायरवर मोजायची. चालून तापल्यावर आकडा पाच-सात पौंड वर दिसला तर घाबरून सोडायची नाही, संध्याकाळी तो खाली येतो. व्हॉल्व्हवर बसवायच्या सेन्सरच्या टोप्या मिळतात, डॅशबोर्डवरचा छोटा पडदा हवा आणि तापमान दाखवतो. ट्रेलर ओढणाऱ्याने हा एक खर्च टाळू नये. मोटारसायकलवाला पोरगा रोज भेटत नाही.

सेन्सर असला तरी प्रत्येक थांब्यावर मी ट्रेलरभोवती एक चक्कर मारतो आणि उलट्या हाताने टायर व हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, चाचपतो. दोन्ही बाजू सारख्याच कोमट हव्यात. एकच टायर जास्त गरम असेल तर हवा कमी. हबला हात टेकवत नसेल तर बेअरिंग कोरडं पडलंय नाहीतर ब्रेक चिकटलाय. चहा नंतर प्या.

पावसाळ्यात

जूनमध्ये ट्रेलर चार लाकडी ठोकळ्यांवर चढवून चाकांवरचा भार काढतो आणि टायरवर गोणपाट टाकतो. आमच्या पट्ट्यात, रबाळे, महापे, तुर्भे, रस्त्यावर लेथचा लोखंडी किस पडलेला असतो आणि पावसात तो खड्ड्यातल्या पाण्याखाली दिसत नाही. साधा खिळा घुसला असेल आणि हवा टिकून असेल तर रस्त्यावर उपटू नका, पंक्चरवाल्याच्या दारापर्यंत राहू द्या. नक्षीत भोक असेल तर टायर उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे दांडा भोकात बसणारं छत्रीसारखं ठिगळ, मारून घ्या. बाहेरून खुपसलेली स्ट्रिप घरी पोचण्यापुरती. बाजूच्या भिंतीला चीर असेल तर कुणी कितीही भरवसा दिला तरी तो टायर संपला.

आणि चाक परत बसवताना नट आवळायची हवेची गन लावू देऊ नका. ज्या दुकानात माझी चाकं आधी चढवली होती तिथे गनने इतकी आवळली होती की त्या सकाळी टेम्पोवाल्याच्या पान्यावर मी उभा राहिलो तेव्हा पहिला नट हलला. गन घट्ट किती करते ते चालवणाऱ्यालाही कळत नाही. मी माझा टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते सांगणारा पाना, घेऊन जातो, ट्रेलरच्या कागदावर जो आकडा दिलाय त्यावर लावतो आणि स्वतः आवळतो. मग वीस-पंचवीस किलोमीटरवर एकदा आणि ऐंशीच्या आसपास पुन्हा एकदा, कारण नवीन बसवलेली रिम चालून थोडी बसते आणि नट सैल होतात. कळंबोलीचा टायरवाला आता मला बघितलं की गन खाली ठेवतो आणि पोराला सांगतो, "हट जा, काका खुद कसेंगे."